दोरीचं दुसरं टोक

वृद्धाश्रमात रात्रीचं जेवण किती वाजता वाढतात, एवढं विचारलं तरी तिथे काम करणारी माणसं पुरेशी आहेत की नाहीत ते कळतं. माझी काकू पुण्याबाहेरच्या ज्या वृद्धाश्रमात राहते, तिथे रात्रीचं जेवण पावणेसहाला असतं. उन्हाळ्यात त्या वेळी अंगणात लख्ख ऊन असतं. दिवसपाळीच्या मावशींना सातची बस गाठायची असते आणि रात्रपाळीला येणारी एकटी मावशी बारा जणांना भरवू शकत नाही. म्हणून भूक लागायच्या आधीच ताटं येतात आणि मग सकाळच्या चहापर्यंत बारा-तेरा तास पोटात काही नसतं. ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या उशाशी डबीत दोन बिस्किटं ठेवलेली असतात.

अंघोळीही अशाच. त्या पहाटे साडेचारला सुरू होतात, कारण निम्म्या अंघोळी रात्रीच्या मावशीने उरकल्या नाहीत तर दिवसपाळीचं गाडं दुपारपर्यंत रुळावर येत नाही. डिसेंबरातल्या थंडीत एखाद्या आजोबांना झोपेतून उठवून पाण्याखाली बसवताना मी पाहिलं आहे. मावशी त्यांच्याशी प्रेमाने बोलत होती, पाणीही चांगलं कढत होतं. पण ती वेळ त्या आजोबांच्या देहाची नव्हती, ड्यूटीच्या तक्त्याची होती.

काकू वाईची सून. १९५८ साली लग्न होऊन गणपती आळीतल्या वाड्यात आली. आता तिला फारसं चालवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी गेले की ती सांगत बसते आणि मी ऐकत बसते. आधी मला वाटायचं, या नुसत्या आठवणी आहेत. पुढे लक्षात आलं, मी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचा इतिहास ऐकते आहे आणि तो कुठल्या पुस्तकात मला मिळायचा नाही.

काकू वाड्यात आली तेव्हा तिच्या आजेसासऱ्यांना अर्धांगवायू झालेला होता. उजवं अंग पूर्ण गेलेलं, वाचा अडखळती. माजघराशेजारच्या खोलीत ते पडून असायचे आणि त्यांचं सगळं माईआत्या बघायच्या. माईआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. डोक्यावर केस नाहीत, अंगावर लाल अलवण. तेव्हा त्या स्वतःच सत्तरीच्या आसपास असतील.

"रात्री त्या त्याच खोलीत जमिनीवर घोंगडी टाकून निजायच्या," काकू सांगते. "आणि बरं का, एक सुताची दोरी होती. तिचं एक टोक आजोबांच्या डाव्या हाताला, दुसरं माईआत्यांच्या मनगटाला. आजोबांना हाक मारता यायची नाही ना. त्यांनी हात हलवला की यांना जाग."

दर रात्री किती वेळा जाग यायची, ते कुणी मोजलं नाही. पहाटे अंधारातच त्या ओल्या झालेल्या वाकळा घेऊन कृष्णेवर जायच्या, म्हणजे घाटावर कुणाच्या डोळ्यांत यायला नको. पाठीखाली जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या घालायच्या, तेल लावायच्या, कुशीवर वळवायच्या. आजोबा असे कित्येक वर्षं पडून होते, पण गेले तेव्हा पाठीला एक व्रण नव्हता. वाड्यात पुढे हे अभिमानाने सांगितलं जायचं, की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचं कधी काही कमी पडलं नाही.

मी एकदा काकूला विचारलं, "आणि माईआत्यांचं कुणी केलं?"

काकू गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या परसाकडच्या खोलीत गेल्या. ताप होता दोन दिवस. मी पेज नेऊन दिली होती रात्री. सकाळी बघितलं तर गेलेल्या. त्यांच्यापाशी कोण निजणार? माझं दुसरं मूल अंगावरचं होतं, सासूबाईंना सोवळं-ओवळं."

वृद्धाश्रमांवर लिहिताना लोक नेहमी जुन्या एकत्र कुटुंबाचा दाखला देतात. पूर्वी असं नव्हतं म्हणतात. माईआत्यांची हकीगत ऐकल्यापासून मला तो दाखला ऐकवत नाही. पूर्वी मनुष्यबळ पुरेसं होतं, कारण ते जबरदस्तीने उभं केलेलं होतं. घराघरांत एक अशी बाई होती, जिला दुसरीकडे जायला जागा नव्हती, जिच्या झोपेची किंमत नव्हती आणि जिच्या कष्टांची नोंद वाड्याच्या जमाखर्चात कुठेच नव्हती.

माईआत्यांच्या तरुणपणीच त्यांच्यासारख्या बायकांसाठी एकेक दार उघडत होतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि तो पुढे हिंगण्याला नेला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत तिथून ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणासाठी बायका जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या. वाईपासून पुणं तसं जवळच, पण माईआत्यांपर्यंत ती दारं पोचली नाहीत.

त्या दारांतून गेलेल्या बायकांची बाजू मला कळली ती सिस्टरांकडून. काकूच्या समोरच्या खाटेवर एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांना आश्रमात सगळे सिस्टरच म्हणतात. साठच्या दशकात ससूनला शिकल्या, पुढे सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत झाली. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. पण नजर अजून वॉर्डावर फिरावी तशी फिरते. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाची कॅथेटरची पिशवी भरलीय, सगळं त्यांना दिसतं.

त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये एक वयस्कर बाई होत्या. सेवासदनातून आलेल्या, बालविधवा. त्यांनी या मुलींना सांगितलेली गोष्ट सिस्टर सांगतात: सुरुवातीच्या दिवसांत सुट्टीला घरी गेलं की विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय ओसरीवर घेत नसत. कुणाकुणाच्या मळमुताला हात लावते म्हणून तिच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. "आणि त्याच घरात," सिस्टर म्हणतात, "तिने फुकटात सासूची तीच सेवा केली असती, तर ती पुण्यवान ठरली असती. पगार घेतला म्हणून बाटली. त्या बाई आम्हाला सांगायच्या, मुलींनो, पगाराची पहिली नोट जपून ठेवा."

मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. माईआत्या आणि त्या शिकवणाऱ्या बाई. दोघींचं काम तेच होतं, कूस बदलण्याचं, भरवण्याचं, पुसून घेण्याचं. एकीला त्या कामाने परसाकडची खोली दिली, दुसरीला स्वतःच्या नावावरचं भाड्याचं घर. विधवा शिकू लागल्या, तसे वाड्यांतले ते फुकटचे हात कमी झाले. मग तो भार सुनांवर आला. सत्तरच्या दशकात सुनाही बँकेत, टेलिफोन खात्यात, शाळेत नोकरीला जाऊ लागल्या आणि तेही हात दिवसाचे आठ-दहा तास घरात नसत. घरात म्हाताऱ्यांचं करायला कुणी नाही, ही ओरड तेव्हापासूनची. प्रत्येक वेळी कुणाची तरी सुटका झाली होती, आणि घराने तिला टंचाई म्हटलं.

संस्था काही आज निघालेल्या नाहीत. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं अनाथ पंगू गृह, ज्याला आपण निवारा म्हणून ओळखतो, ते दीडशे वर्षांहून जुनं आहे. १९९५ मध्ये राज्याने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा केंद्रीय कायदा तर सांगतो, की राज्याने टप्प्याटप्प्याने दर जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम उभारावा आणि त्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असावी. कलम एकोणीस. त्यात वृद्धांचा आकडा आहे. त्या दीडशेंच्या उशापायथ्याशी किती माणसं असावीत, तो आकडा त्या कलमात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले एक कोटी दहा लाखांच्या वर होते. आज ते त्याहून पुष्कळ अधिक असणार.

इमारतीला देणगीदार मिळतो. संगमरवरी पाटीवर आजी-आजोबांचं नाव लागतं. रात्रपाळीच्या मावशीच्या पगारासाठी देणगी देणारा मी अजून पाहिलेला नाही.

काकूच्या आश्रमात चौतीस जण राहतात. कागदावर दिवसपाळीला चार मावशी आणि एक मामा, रात्रपाळीला दोन मावशी. प्रत्यक्षात बहुतेक दिवस दिवसा तिघं आणि रात्री एक. एकाने दांडी मारली की दुसऱ्याची डबल ड्यूटी. गौरी-गणपतीत, दिवाळीत, पेरणीच्या दिवसांत आणि लग्नसराईत तर फारच ओढाताण. मावशींची गावं लांब, हिंगोली, नांदेड, यवतमाळ. एकदा गेल्या की आठ दिवसांनी येतात, काही येतच नाहीत. आश्रमापेक्षा माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून एखाद्या घरी चोवीस तासांच्या पेशंटसाठी गेलं तर पैसे जास्त सुटतात आणि एकाच माणसाचं करायचं असतं.

एका दुपारी सिस्टरांनी मला हिशेब करून दाखवला. अंथरुणाला खिळलेले बारा. व्रण होऊ नये म्हणून प्रत्येकाची कूस दर दोन तासांनी बदलायची. नुसतं ढकलून चालत नाही. चादर ओढून घ्यायची, पॅड बदलायचं, पुसायचं, पावडर लावायची, गुडघ्यांमध्ये उशी द्यायची. "हात चांगला बसलेला असेल तर दहा मिनिटं. बारा गुणिले दहा?" एकशेवीस मिनिटं. म्हणजे शेवटच्या माणसाची कूस बदलून होते, तोवर पहिल्याची वेळ झालेली असते. मावशीने रात्रभर पाणीही न पिता, कुणाची बेल न ऐकता हेच केलं, तरच ते जमेल. आणि वजनदार माणसाला एकटीने वळवताना तिची कंबर जाणारच. "म्हणून ती काय करते? रात्री दोनदा फिरते. मी तिला बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी असते तर मीही दोनदाच फिरले असते."

तर, व्रण होतात. कमरेच्या हाडाशी आधी नुसता लालसर डाग दिसतो, मग कातडी सुटते. बेडसोर ही आपण म्हातारपणाची व्याधी समजतो. माईआत्यांनी ती होऊ दिली नव्हती, कारण त्या एका माणसामागे एक होत्या.

बेलचंही तसंच. प्रत्येक खाटेशी बटण आहे. घंटा वाजते ती तळमजल्यावरच्या टेबलाशी, आणि मावशी असते वरच्या मजल्यावर कुणाचं तरी पॅड बदलत. थोड्या दिवसांनी माणसं बटण दाबायचं सोडून देतात. काकू आता दुपारी चारनंतर पाणी पीत नाही, रात्री उठावं लागू नये म्हणून. तिच्या खोलीतल्या सगळ्याजणी हेच करतात. कुणी शिकवलेलं नाही, आपोआप ठरलेलं आहे. मे महिन्यात शेजारच्या आजी अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, लेकाला ओळखेनात. घरच्यांनी धरून चाललं, की आता डोकं गेलं. सिस्टर खाटेवरून ओरडत राहिल्या, "लघवी तपासा आधी, लघवी!" जंतुसंसर्ग निघाला. पाणी कमी पिण्याने झालेला. औषध सुरू झालं आणि आठवड्यात आजी पुन्हा पत्त्यांना बसल्या.

ज्यांना धरून संडासापर्यंत नेलं तर जाता येतं, त्यांनाही पॅड बांधलं जातं. पाच पावलं चालवत नेण्यात दहा मिनिटं जातात. पॅड बांधायला दोन पुरतात. दोन-तीन महिन्यांत पायांतलं बळ जातं आणि तो माणूस खरोखरच अंथरुणाला खिळतो. म्हणजे बाराचे तेरा होतात. माणसं कमी म्हणून काम वाढतं आणि काम वाढलं म्हणून आणखी एक मावशी सोडून जाते.

आणि केस. काकूचे केस या वयातही कमरेपर्यंत होते, पांढरेशुभ्र. रोज तेल लावून वेणी घालायला कुणाला वेळ नव्हता, गुंता होऊ लागला, म्हणून मागच्या वर्षी कापून मानेपर्यंत आणले. तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. मी गेले तेव्हा तिने डोक्यावरून पदर घेतला होता. घरात ती कधी पदर घेत नसे. मी काहीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ती स्वतःच म्हणाली, "माईआत्यांना कसं वाटलं असेल गं." त्यानंतर मी जाते तेव्हा आधी तिच्या डोक्याला तेल लावते. तेवढ्यात शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या फण्या घेऊन सरकत जवळ येतात.

२०२४ मध्ये अमेरिकेत केंद्र सरकारने नियम केला, की तिथल्या सरकारी अर्थसाहाय्याच्या शुश्रूषागृहांत प्रत्येक रहिवाशाला दिवसाकाठी सरासरी ३.४८ तासांची शुश्रूषा मिळायलाच हवी. चालकांच्या संघटना माणसं मिळत नाहीत म्हणून न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. नियम टिकला नाही, तरी एका माणसाला दिवसातून दुसऱ्या माणसाचा किती वेळ लागतो, हे तासांत मांडून बघितलं गेलं याचं मला महत्त्व वाटतं. मी काकूच्या आश्रमाचं गणित मांडलं. दिवसाचे तिघं, रात्रीची एक, प्रत्येकी बारा तास. अठ्ठेचाळीस तास, चौतीस माणसं. एकेकाच्या वाट्याला सुमारे एक तास पंचवीस मिनिटं. त्यातूनच फरशी पुसणं, चादरी धुणं, ताटं घासणं आणि मावशीचं स्वतःचं दोन घास खाणं.

त्याच २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. तिकडेही म्हातारी माणसं वाढली आहेत आणि हात कमी आहेत. इथल्या मुली जर्मन शिकून जाणार असतील तर त्यांनी जरूर जावं. ओसरीवर घेतलं न जाणाऱ्या त्या बाईंच्या वारसदार आहेत त्या. पण जी मुलगी तिकडे जाण्याइतकी कुशल आहे, तिला आपण इथे बारा तासांची ड्यूटी आणि आठवड्याची सुट्टीसुद्धा धड न देता ठेवू शकू, ही आशा आता सोडायला हवी.

काकूची रात्रीची मावशी हिंगोली जिल्ह्यातली आहे. वय चाळिशीच्या आत. नवरा ऊसतोडीला जायचा, आता पुण्यातच बांधकामावर आहे. एका रविवारी तिला डबल ड्यूटी लागली होती. दुपारी जिन्यात बसून भाकरी खात होती, तेव्हा मी शेजारी बसले. तिच्या सासूला मागच्या वर्षी लकवा मारला. सासू गावी आहे.

"मग त्यांचं कोण करतं?"

"पोरगी हाय ना ताई. तेरावं लागलंय. तीच बघती आजीचं. मी हितनं फोनवर सांगती, अशी वळव, तशी वळव. उशी कुठं द्यायची ते व्हिडिओवर दाविती." भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "शाळा सुटली की तिची. हुशार होती लेकरू."

मी जिन्यातच बसून राहिले. हिंगोली जिल्ह्यातल्या त्या घरात एक तेरा वर्षांची मुलगी आजीच्या पायथ्याशी निजते आहे आणि तिची आई इथे माझ्या काकूची कूस बदलते आहे. माईआत्यांचं काम कुठे संपलेलंच नाही. आम्ही पैसे मोजून ते आमच्या घरातून उचललं आणि ते गडगडत जाऊन जिथे पैसे नाहीत तिथे पोचलं, माईआत्या माहेरी परतल्या जवळजवळ त्याच वयाच्या एका मुलीपर्यंत.

गेल्या महिन्यात आश्रमाने नातेवाइकांची बैठक बोलावली. दरवाढीचा विषय होता. विश्वस्त मनापासून काम करणारी माणसं आहेत, त्यांतले दोघे स्वतः सत्तरीपुढचे. त्यांचं म्हणणं नेहमीचंच, माणसं मिळत नाहीत. सिस्टरांनी माझ्यापाशी एक कागद लिहून दिला होता, थरथरत्या पण नीट गोल अक्षरात: आठ तासांच्या तीन पाळ्या करा, आठवड्याची सुट्टी द्या, महिन्यातून दोन दिवस सलग गावी जाऊ द्या, भविष्यनिर्वाह निधी भरा. हे सहा महिने करून बघा आणि मग सांगा की माणसं मिळत नाहीत.

मी हिशेब मांडला. प्रत्येकामागे महिन्याला दीड हजार वाढवले तर एक्कावन्न हजार होतात. त्यात सतरा हजारांच्या तीन मावशी नव्याने ठेवता येतील. मागच्या रांगेतले एक गृहस्थ, ज्यांची आई तिथे आहे, ते उठून म्हणाले की त्यांची छोटी खानावळ आहे, दीड हजार त्यांना जड जातील. त्यांचे आमच्यापैकी चौघांनी वाटून घ्यायचं ठरवलं. काहींनी विचार करून सांगतो म्हटलं आणि ते निघून गेले. तरी ठराव झाला. एक तारखेपासून रात्रपाळीला दोघीजणी असतील आणि पाळी आठ तासांची होईल.

मावशीच्या सासूचा विषय मी शेवटी काढला. इथे काम करणाऱ्यांच्या घरचं कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांच्यासाठी आश्रमात सवलतीच्या दोन खाटा ठेवाव्यात, म्हणजे ती मुलगी शाळेत परत जाऊ शकेल. विश्वस्तांमधले एकजण लगेच म्हणाले, "अहो ताई, एकीला दिलं की सगळ्या मागतील."

मागू देत. पुढच्या बैठकीत हाच विषय पहिला घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. तोवर कुणाकुणाच्या घरी कोण पडून आहे आणि त्यांचं कोण करतं आहे, याची यादी करायला मी मावशींनाच सांगितलं आहे. आत्तापर्यंत पाच नावं आली आहेत.